जुन्या लेन्सवरचे आकडे नव्या कॅमेऱ्यावर वाचताना

प्रश्न : मी सात वर्षे निकॉनचा डी५६०० हा कॅमेरा वापरते आहे. सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन एएफ-पी डीएक्स (लहान सेन्सरसाठीच्या) लेन्स आहेत. आता निकॉनचीच २४.५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी घ्यायचे ठरवले आहे. मुलगी नृत्य शिकते. तिचे रंगमंचावरचे कार्यक्रम, डोंगरांतली भटकंती, घरातली छायाचित्रे आणि अधूनमधून पक्षी हे माझे विषय. या क्षेत्रातले स्नेही सांगतात की २४-७० एफ/२.८ आणि ७०-२०० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) या दोन झूम घेतल्या की आयुष्याची निश्चिंती. दोन्ही एकदम घेणे मला झेपणार नाही, तर आधी कोणती घ्यावी? बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरण्याची सोय) असल्यामुळे एफ/४ची लेन्स पुरेल का? जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालतील का? माझ्या आवडीची ३०० छायाचित्रे कोणत्या फोकल लेंथवर (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारा मिलिमीटरचा आकडा) काढली होती त्याचा हिशेब आणि एका कार्यक्रमातले एक छायाचित्र सोबत पाठवते आहे.

उत्तर : पत्राला शेवटी जोडलेला तो हिशेब आपण पहिल्याच ओळीत लिहिला असता तरी चालले असते, कारण बाकीच्या प्रश्नांची बहुतेक उत्तरे त्यातच आहेत. स्नेह्यांनी सुचवलेली जोडी वाईट मुळीच नाही. वृत्तछायाचित्रकार आणि समारंभांवर उपजीविका करणारे छायाचित्रकार वर्षानुवर्षे तीच जोडी खांद्यावर वागवतात आणि त्यांच्यापाशी तसे करण्याला सबळ कारण असते. ते कारण आपल्यापाशी आहे का, एवढेच पाहायचे. माझे मत आधीच सांगून टाकतो: पहिली लेन्स २४-१२० एफ/४ घ्यावी, डी५६०० आणि ७०-३०० विकू नये, आणि दुसऱ्या लेन्सचा निर्णय मुलीचा निदान एक कार्यक्रम नव्या कॅमेऱ्याने टिपून होईपर्यंत लांबणीवर टाकावा.

आता आकड्यांकडे येऊ. आपल्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमीचा आहे आणि नव्याचा जवळजवळ ३६ बाय २४ मिमीचा. लेन्सवर छापलेली फोकल लेंथ दोन्हींवर तीच राहते, पण लहान सेन्सर त्याच प्रतिमेचा मधला तुकडाच उचलत असल्यामुळे दृश्य दीडपट जवळ आल्यासारखे दिसते. त्यामुळे फुल फ्रेमच्या भाषेत आपली १८-५५ ही साधारण २७-८२ होती आणि ७०-३०० ही १०५-४५०. हा गुणाकार बहुतेकांना पाठ असतो, मात्र खरेदीच्या वेळी तो नेमका विसरला जातो. ७०-२००मधला २०० हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्या डोळ्याला सात वर्षे ४५०ची सवय आहे. त्या हिशेबाने ती वजनदार लेन्स आपल्याला पूर्वीच्या निम्म्याहून कमी पल्ला देणार. उलट रुंद बाजूला २४ हा आकडा दिसायला १८पेक्षा मोठा असूनही प्रत्यक्षात अधिक रुंद आहे. दहा मीटर अंतरावर जुन्या लेन्सच्या १८ मिमीला सुमारे १३ मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत मावत होते. नव्या कॅमेऱ्यावर २४ मिमीला १५ मीटरचे मावेल. डोंगरमाथ्यावर उभे राहिल्यावर हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

एफच्या आकड्याचे मात्र बहुतेक जण गणितच करत नाहीत. एक्स्पोजरपुरते पाहिले तर एफ/४ म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांवर एफ/४च. शटर आणि आयएसओ तेच लागतील. पण मोठ्या सेन्सरचे क्षेत्रफळ जुन्याच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक असल्यामुळे त्याच एक्स्पोजरमध्ये एकूण प्रकाश तितक्या पटींनी जास्त गोळा होतो आणि त्यामुळे दाणा (मंद प्रकाशातल्या छायाचित्रात दिसणारी खरखर) कमी दिसतो. सारख्याच चौकटीसाठी पार्श्वभूमी किती विरघळते, हे पाहतानाही एफच्या आकड्याला दीडने गुणावे लागते. म्हणजे आपली १८-५५ एफ/३.५-५.६ ही फुल फ्रेमवरच्या २७-८२ एफ/५.३-८.४ इतपत काम करत होती. तिच्या तुलनेत एफ/४ची झूम रुंद टोकाला पाऊण स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि लांब टोकाला दोन स्टॉपहून अधिक सरस ठरते. डीएक्स कॅमेऱ्यांच्या काळात निकॉनची १७-५५ एफ/२.८ ही व्यावसायिकांची लेन्स मानली जाई आणि तिचे वजन ७५५ ग्रॅम होते. तोच गुणाकार तिला लावला तर ती साधारण २५-८२ एफ/४.२ होते. आज ६३० ग्रॅमची २४-१२० एफ/४ तिच्यापेक्षा रुंद, लांब आणि किंचित उजळही आहे. तेव्हा 'फुल फ्रेम घेऊन एफ/४ लावणे म्हणजे पैसे वाया' असे कोणी म्हणाले, तर त्याने हा हिशेब केलेला नाही असे खुशाल समजावे.

या साऱ्याला एक अट आहे आणि पुढचा सगळा सल्ला त्या अटीवर उभा आहे: मोठ्या सेन्सरचा फायदा चौकट भरली तरच मिळतो. लेन्स कमी पडली म्हणून छायाचित्र नंतर क्रॉप केले, म्हणजे कडा कापून मधलाच भाग ठेवला, की आपण सेन्सरचा तो जास्तीचा भाग कापून टाकतो आणि त्याबरोबर त्याने गोळा केलेला प्रकाशही जातो. दीडपट क्रॉप केल्यावर हातात उरतो तो जुन्याच मापाचा सेन्सर, आणि तोही सुमारे साडेदहा मेगापिक्सेलचा.

हे ध्यानात ठेवून आपला हिशेब वाचू. ३००पैकी ९६ छायाचित्रे १८ मिमीवर आहेत. १८ ते ३५च्या मधली ४१, आणि ३५ ते ५५ या पट्ट्यातली ३८. उरलेली १२५ ही ७०-३००ची असून त्यांपैकी ६४ छायाचित्रे १०० ते १४० मिमीच्या दरम्यानची, ४७ अगदी ३०० मिमीची आणि १४ इतस्ततः विखुरलेली. इतका बोलका हिशेब वाचकाकडून क्वचित येतो. ७०-३००च्या आकड्यांत दोन वेगळे ढीग स्पष्ट दिसतात: पहिला रंगमंचाचा, दुसरा पक्ष्यांचा. आपण आजवर हे दोन विषय एकाच लेन्सने भागवले म्हणून ते एकच काम वाटते, पण फुल फ्रेमवर ती दोन कामे होतात आणि एकच लेन्स ती दोन्ही नीट करील ही अपेक्षा सोडावी लागते.

त्या ९६ या आकड्यावर मात्र मी लगेच विश्वास ठेवणार नाही. जवळ कॅमेरा असलेल्या प्रत्येकाच्या हिशेबात सर्वांत रुंद टोक फुगलेले असते. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी, आपली १८-५५) उघडली की ती १८वर उभी असते आणि घाईत आपण तिथेच बटण दाबतो. ती ९६ छायाचित्रे पुन्हा उघडून पाहावीत. ज्यांत कडेचा डोंगर किंवा झाड अर्धवट तुटले आहे आणि मागे सरकायला जागा नव्हती, ती एका बाजूला ठेवावीत. जी नंतर आपणच क्रॉप केली आहेत ती दुसऱ्या बाजूला. पहिला गठ्ठा मोठा निघाला तरी २४ मिमीने त्यातली बरीच निभावली असती. १४-३० एफ/४सारखी रुंद झूम त्यानंतरही उणीव भासली तर घ्यावी. चौदा मिमीला डोंगर चौकटीत मावतो खरा, पण तो टेकडीएवढा दिसतो आणि समोरच्या रिकाम्या जमिनीने निम्मी चौकट भरते. त्या लेन्सला पुढ्यात काहीतरी ठेवून रचना करण्याची वेगळी सवय लागते.

आता २४-७० एफ/२.८ आधी का नको, ते पाहू. तिची ताकद मंद प्रकाशात जवळच्या माणसांवर काम करण्यात आहे. आपले रंगमंचाचे काम १०० ते १४० मिमीचे, म्हणजे फुल फ्रेमवरचे १५० ते २१०. तिथे ७० मिमी पोहोचतच नाही. डोंगरात आपण बहुधा एफ/८वर काम करत असाल; तिथे २.८ला विचारतो कोण? राहता राहिले घर. घरात एफ/२.८ उपयोगी पडते यात शंका नाही, पण निकॉनची ४० मिमी एफ/२ ही प्राइम (एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी) लेन्स केवळ १७० ग्रॅमची आहे आणि ती एफ/४पेक्षा दोन स्टॉप, तर एफ/२.८पेक्षा एक स्टॉप अधिक प्रकाश घेते. २४-१२० आणि ४० मिमी या दोहोंचे मिळून वजन ८०० ग्रॅम भरते. झेड माउंटच्या (निकॉनच्या मिररलेस बॉडीवर थेट बसणाऱ्या) २४-७० एफ/२.८च्या पहिल्या आवृत्तीचे एकटीचे ८०५. प्राइम लावली की पुढेमागे चालत रचना करावी लागते, हा तिचा तोटा मानणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण घरात चालायचे अंतर ते किती! जाता जाता, ३५ मिमी फिल्मवरच्या स्थिर छायाचित्रणासाठी बाजारात आलेली पहिली झूम, १९५९ सालची फोइग्टलेंडर झूमार, ३६-८२ एफ/२.८ अशी होती. त्या पट्ट्याविषयीची ओढ तशी जुनीच आहे.

आपण पाठवलेले कार्यक्रमातले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. १२० मिमी, एफ/५, एक-सव्वाशतांश सेकंद, आयएसओ ६४००. गिरकी संपवून मुलगी थांबली आहे, चेहरा स्वच्छ आहे, मागच्या पडद्याच्या चुण्या एकेक मोजता येतात, आणि उजव्या हाताची बोटे मात्र पंख्याच्या पात्यांसारखी पुसली गेली आहेत. स्टॅबिलायझेशनविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर याच चित्रात आहे. पडद्याच्या चुण्या स्वच्छ आल्या कारण लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनने आपल्या हाताचा कंप सावरला. बोटे पुसली गेली कारण ती मुलीची होती आणि ती हलत होती. बॉडीतले स्टॅबिलायझेशन कितीही उत्तम असले तरी नर्तिकेचा हात थांबवणे त्याच्या आवाक्यातले नाही. त्याला लागतो वेगवान शटर. थबकण्याच्या क्षणांसाठी १/२५०, आणि खऱ्या गिरकीसाठी १/५०० किंवा त्याहूनही जास्त.

१/२५० धरून गणित करू. एफ/२.८ची लेन्स असेल तर एफ/५च्या तुलनेत एक आणि दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश जास्त मिळतो. त्यातला एक स्टॉप शटर दुप्पट वेगवान करण्यात खर्ची पडतो आणि उरलेल्यात आयएसओ ६४००वरून ४०००वर उतरतो. चौकट भरलेली असेल तर फुल फ्रेमवरच्या या ४०००चा दाणा जुन्या कॅमेऱ्याच्या सुमारे १७००-१८०० इतका दिसेल. हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे, हे मान्यच. एफ/४वर तेच छायाचित्र १/२५०ला आयएसओ ८००० मागेल.

मग २४-१२०च्या १२० मिमीने कार्यक्रम कसा निभवायचा? आपण रंगमंचापासून साधारण १५ मीटरवर बसता, असे पत्रात दुसरीकडे लिहिले आहे. त्या अंतरावर कॅमेरा उभा धरला तर १२० मिमीला साडेचार मीटर उंचीची चौकट मिळते. जुन्या कॅमेऱ्यावरच्या १२० मिमीला ती तीन मीटरची होती. म्हणजे पूर्वीसारखी चौकट हवी असेल तर दीडपट क्रॉप करावा लागेल, हाती साडेदहा मेगापिक्सेल उरतील आणि दाणा जुन्या कॅमेऱ्याच्या आयएसओ ८०००च्या आसपास दिसेल, म्हणजे आपल्या आताच्या चित्राहून अगदी थोडा जास्त. त्या बदल्यात बोटे पुसली जाण्याचे प्रमाण निम्मे होईल. साडेदहा मेगापिक्सेलमधून १२ बाय ८ इंचांचा प्रिंट सुरेख निघतो. हा कायमचा उपाय नव्हे, पण एक कार्यक्रम त्यावर काढण्याचा लाभ असा की आपल्याला नेमके किती लांब जावे लागते ते स्वतःच्या छायाचित्रांतून कळेल. कदाचित असेही दिसून येईल की साडेचार मीटरच्या चौकटीत पूर्ण रंगमंच, सोबतच्या मुली आणि प्रकाशाचा झोत यांसह आलेली चित्रे आपल्याला अधिक आवडू लागली आहेत. आजवर १८-५५ आणि ७०-३००च्या मध्ये, म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ८२ ते १०५ या दरम्यान आपल्यापाशी काहीच नव्हते आणि कार्यक्रम सुरू असताना लेन्स बदलणे शक्य नव्हते. २४-१२० ती पोकळी भरून काढते.

त्यानंतरही दुसरी लेन्स हवीशी वाटली, तर ७०-२०० एफ/२.८च्या आधी ७०-१८० एफ/२.८ पाहावी. तिचे वजन ७९५ ग्रॅम आहे, ७०-२०० एफ/२.८ एस ट्रायपॉडचा पट्टा काढूनही १,३६० ग्रॅम भरते. १५ मीटरवर १८० मिमीला उभी चौकट बरोबर तीन मीटरची मिळते, म्हणजे आपल्या त्या ६४ छायाचित्रांची सरासरी चौकट. २००ला ती २.७ मीटर होते. या तीस सेंटिमीटरसाठी अर्धा किलोहून अधिक वजन घ्यायचे का, ते आपण ठरवावे. ७०-२००ची बांधणी अधिक भक्कम आहे, झूम करताना तिची लांबी बदलत नाही आणि लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन आहे. ७०-१८०मध्ये ते नाही, पण ते काम बॉडी करते. रोजच्या रोज काम करणाऱ्याला मी ७०-२००च सांगेन. वर्षातून चार-सहा कार्यक्रम टिपणाऱ्या आईला नाही.

वजनावर मी इतका भर का देतो आहे, असे वाटेल. मी स्वतः फुल फ्रेमकडे वळलो तेव्हा हीच सुप्रसिद्ध जोडी एकदम घेतली आणि लगेच आठ दिवसांच्या पायी भटकंतीला निघालो. परतल्यावर मोजले: लांब झूमने काढलेली छायाचित्रे अकरा, त्यांतली नऊ पहिल्या दिवसाची. उरलेले सात दिवस मी दीड किलोचे काचकाम पाठीवर घेऊन डोंगर चढलो आणि उतरलो. तेव्हा आपल्यासारखा ३०० छायाचित्रांचा हिशेब मांडायचे मला सुचले नव्हते.

भटकंतीसाठी २४-२०० एफ/४-६.३ या लेन्सचाही विचार करता येईल. ५७० ग्रॅममध्ये इतका पल्ला मिळतो आणि छायाचित्रकार मंडळी तिच्याकडे जितक्या तुच्छतेने पाहतात तितकी ती वाईट नाही; आपल्या जुन्या ७०-३००चा एफ/६.३ फुल फ्रेमच्या हिशेबात ९.५च्या आसपास जात होता, हे विसरू नये. परंतु ती झूम करताना लवकरच एफ/६.३वर जाऊन बसते आणि रंगमंचावर मग काहीच उपयोगाची राहत नाही. एकाच लेन्सवर वर्षभर काम काढायचे असेल तर २४-१२० बरी. तिच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही: रानफुले आपल्याला पूर्वीपेक्षा लहान दिसतील. जुनी १८-५५ अगदी जवळ जाऊन सुमारे ६२ मिमी रुंदीचा विषय चौकटभर घेत होती. २४-१२० जवळ फोकस करण्यात चांगली मानली जाते, तरीही मोठ्या सेन्सरमुळे तिची किमान चौकट ९२ मिमीच्या आसपास येते. मेगापिक्सेल पुरेसे असल्याने थोडे क्रॉप करून हे निभावते.

जुन्या लेन्स अडॅप्टरवर चालतील का, या प्रश्नाचे सरळ उत्तर 'चालतील, पण चालवू नयेत' असे आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर स्वतःतच मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकससह काम करतात. बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस मात्र तिथे चालत नाही. आपल्या दोन्ही लेन्स एएफ-पी असल्याने अडचण नाही. पण त्या डीएक्स आहेत. त्यांनी पडणारे प्रतिमेचे वर्तुळ पूर्ण सेन्सर झाकत नाही, म्हणून कॅमेरा आपोआप मधला भाग निवडतो आणि सुमारे साडेदहा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतो. म्हणजे नवा कॅमेरा घेऊन त्याचा जुन्याहून कमी पिक्सेलचा कॅमेरा करायचा आणि त्यासाठी अडॅप्टरही विकत घ्यायचा. एखादी फुल फ्रेमची जुनी लेन्स हाती येत असेल, उदाहरणार्थ ८५० ग्रॅमची एएफ-एस ७०-२०० एफ/४, तरच अडॅप्टरला अर्थ आहे.

इतर कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात. कॅननच्या लहान सेन्सरला दीडऐवजी १.६ने गुणावे. त्या सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. आरएफ माउंटच्या फुल फ्रेम बॉडीवर अडॅप्टरने बसतात आणि चौकट आपोआप लहान होते. सोनीमध्ये दोन्ही मापांच्या मिररलेसचा माउंट एकच असल्याने लेन्स थेट बसते, पण चौकटीचे तेच होते. सोनीची २४-१०५ एफ/४ सुमारे ६६३ ग्रॅमची आणि कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४ सुमारे ७०० ग्रॅमची आहे. वरचा बहुतेक युक्तिवाद त्यांनाही लागू पडतो. ज्यांची बॉडी ६१ मेगापिक्सेलची आहे त्यांना क्रॉप केल्यावरही सुमारे २६ मेगापिक्सेल मिळतात, त्यामुळे जुन्या लेन्सविषयीचा माझा कडक शब्द त्यांनी जरा सौम्य करून घ्यावा.

लेन्स नवी घ्या किंवा वापरलेली, हाती आल्यावर पहिल्याच दिवशी एक परीक्षा घ्यावी. झूममध्ये काचांचे अनेक गट मागेपुढे सरकतात आणि त्यांतला एखादा किंचित तिरका बसला तर छायाचित्राचा एक कोपरा कायमचा मऊ येतो. दूरच्या इमारतीची खिडकी किंवा फांदी असा बारीक तपशिलाचा एखादा विषय निवडावा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, २४ मिमी आणि एफ/४वर तोच तपशील आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून तिथेच फोकस करून एकेक छायाचित्र घ्यावे, आणि मग १२० मिमीवर पुन्हा तेच करावे. चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असतील तर काळजी नसावी. तीन चांगले आणि एक धूसर असेल तर लेन्स परत करावी. वापरलेली असल्यास मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरून समोरून आत पाहावे. चार धुळीचे कण निरुपद्रवी असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते आणि तशी लेन्स आपल्या चांगल्या लेन्सशेजारी ठेवूसुद्धा नये. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर झूम आपोआप घसरते का, तेही पाहून घ्यावे.

शेवटी पक्षी. आपल्या त्या ४७ छायाचित्रांसाठी नव्या बॉडीने काहीही सुधारणार नाही, जोवर तिच्यापुढे निदान ४०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स नाही. ३०० मिमीवर बसलेला पक्षी डी५६०० आपल्या २४ मेगापिक्सेलमध्ये मांडतो. तोच पक्षी त्याच मापाचा नव्या कॅमेऱ्यावर हवा असेल तर ३०० मिमीला दहाच मेगापिक्सेल वाट्याला येतात. झेड माउंटची १८०-६०० ही लेन्स पक्ष्यांसाठी उत्तम आहे, पण ती ट्रायपॉडच्या पट्ट्याशिवाय १,९५५ ग्रॅमची आहे, १००-४०० एफ/४.५-५.६ सुमारे १,३५५ ग्रॅमची. डी५६०० आणि ७०-३०० यांचे वजन मिळूनही ८८० ग्रॅमच्या आसपास राहते. म्हणून ती जोडी विकू नये, असे मी आरंभीच लिहिले. बॅटरी भरून ती दाराजवळच्या पिशवीत राहू द्यावी. दरम्यान एवढे पाहून ठेवावे की त्या ४७पैकी किती छायाचित्रे ३०० मिमीवर काढूनही पुन्हा क्रॉप करावी लागली. दहा-बारा असतील तर पुढे कधीतरी १००-४००ने काम होईल. तीसहून जास्त असतील तर १८०-६०० खरेदी करण्यापूर्वी ती कोणाकडून तरी हातात घेऊन, ट्रायपॉडशिवाय, झाडावरच्या एकाच फांदीवर दहा मिनिटे रोखून धरून पाहावी, आणि मग मला पुन्हा पत्र लिहावे.